पाणी येईपर्यंत ठेवायला दिलेली आसरा

मला त्या प्रवासाला कुणी पाठवलं नव्हतं, मी हट्टानं गेले. ज्याला सगळे बहात्तरचा दुष्काळ म्हणतात, त्यातला तो सगळ्यात कडक उन्हाळा. पुण्यातल्या एका संग्रहालयात मी नुकतीच साहाय्यक अभिरक्षक म्हणून लागले होते. या हुद्द्याचा अर्थ आमच्या घरात कुणालाच नीट कळला नव्हता. आई शेजारणींना सांगायची, "जुन्या मूर्ती पुसायचं काम आहे, पण पगार वेळेवर होतो." शिल्पकलेच्या इतिहासात एम. ए. करून मी तोवर खरोखरच मूर्ती पुसण्यापलीकडे काही केलं नव्हतं, त्यामुळे तिचं म्हणणं खोडताही येत नसे.

एका सकाळी संचालकांच्या टेबलावरच्या वर्तमानपत्रात कोपऱ्यात एक बातमी दिसली. तुळजापूर तालुक्यातल्या एका गावात बारवेचा गाळ काढताना आसरेनं शेंदराची खोळ टाकली, गावात भीतीचं वातावरण, वगैरे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, आसरा म्हणजे पाण्याकाठच्या देवी. सात बहिणी. विहिरीवर, तळ्यावर शेंदूर फासलेले धोंडे दिसतात ना, त्या. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर आणि तेल चढत गेलं की त्याचं जाड कवच होतं आणि कधीतरी ते आपोआप सुटून पडतं. बातमीबरोबर एक धुरकट फोटो होता. त्यात मला एक कोपर दिसलं, एक मोठं कर्णफूल दिसलं, आणि कमरेचा असा काही बाक दिसला की मी उभ्या उभ्याच म्हणाले, "सर, ही आसरा नाही."

"जाऊन बघून या," संचालक म्हणाले. "फोटो काढा, मापं घ्या. पण कृपा करून काही आणू नका. तळघरात आता माणसालाही उभं राहायला जागा नाही."

सोबतीला हुसेनचाचा होते. मूर्ती उचलणं, बांधणं, हलवणं हे त्यांचं काम आणि त्यांच्या मते संग्रहालय चालवतात ते तेच, आम्ही बाकीचे नुसते पाट्या लिहितो. मी त्यांना सांगितलं की आपण फक्त बघायला चाललोय. त्यांनी तरीही दोरखंड, पहार आणि सुतळीचा गुंडा घेतला. "बाई," ते म्हणाले, "बघायला गेलेली माणसंच पोरगी पसंत करून येतात."

आज तुम्ही सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्यानं गाडी हाकलीत तर नळदुर्ग कधी आलं ते कळणारही नाही. रस्ता इतका रुंद आणि गुळगुळीत झाला आहे. तेव्हा आम्ही पुण्याहून रेल्वेनं सोलापूर गाठलं, स्टँडाबाहेर कडक भाकरी आणि शेंगांची चटणी बांधून घेतली आणि एसटीच्या लाल गाडीत बसलो. (चटणी आजही घ्या, पण उखळात कुटलेली मागा. मिक्सरमधली घेऊन मग मला नावं ठेवू नका.) खिडकीतून दोन्ही बाजूंना खडी फोडणारी माणसं दिसत होती. गावंच्या गावं रस्त्याच्या कामावर येऊन बसलेली. गाडीत माझ्या शेजारी सोसायटीच्या धान्याच्या रिकाम्या पोत्यांची गठडी घेऊन एक माणूस बसला होता आणि तो मला वाटेतल्या प्रत्येक गावाची विहीर कधी आटली ते सांगत होता.

अणदूरला गाडी थांबली. चहा अर्धा कपच मिळाला, कारण पाणी टँकरचं. चहावाल्याला मी म्हटलं, खंडोबाचं दर्शन घ्यायला वेळ आहे का? तो म्हणाला, "घ्या की. देव सध्या हितंच हाईत. नळदुर्गाचा मुक्काम थंडीत असतोय."

"म्हणजे?"

"म्हंजी काय? देव येकच. वर्सातला जास्त काळ आमच्याकडं, थोडा नळदुर्गाला. दोनी गावची मानकरी बसत्यात, करार हुतोय, मग पालखी निगती."

तुम्ही गेलात तर हे जरूर विचारा, तिथं ही प्रथा अजून चालू आहे. एक देव, दोन गावं, आणि मधे करार. मला भारी गंमत वाटली. हुसेनचाचा म्हणाले, "बरंय की. आपल्या तळघरातल्यांना पण अशी बदली मिळाली पाहिजे." चहा संपवून आम्ही गाडीत चढलो आणि ती गोष्ट मी विसरूनही गेले.

नळदुर्ग गेलं, जळकोट आलं. तिथं उतरून आत चालत गेलो. बैलगाडी मिळण्याचा प्रश्नच नव्हता, बैल छावणीत होते. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मूर्तिचोर ब्लॉग वाचत नाहीत असं मला कुणी लिहून दिलेलं नाही.

उतरायची सोय सोसायटीच्या चेअरमनच्या घरी झाली. चेअरमन मोठे उत्साही गृहस्थ. दूध संघ, खरेदी-विक्री संघ, होऊ घातलेला साखर कारखाना, सगळ्यांत त्यांचं काहीतरी होतंच. त्यांच्या मंडळींनी रात्री लाल मिलोची भाकरी आणि येसराची आमटी वाढली. मिलो म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, जिची भाकरी थापताना तुटते आणि खाताना मात्र तुटत नाही. येसर हा भाजक्या धान्याचा आणि मसाल्याचा कोरडा कूट. पाण्यात कालवला की आमटी तयार. भाजी नसलेल्या दिवसांत त्या आमटीनं आख्खा जिल्हा तारला आहे आणि मी ती तिथं पहिल्यांदा खाल्ली, आजही करते.

जेवताना चेअरमननी खरा प्रकार सांगितला. बारवेत खालच्या पायऱ्यांजवळच्या कोनाड्यात आसरा होती. गाळ काढताना वाट मोकळी करायला बायांनी तिला दोर लावून वर घेतलं. दोर शेंदरात रुतला, खोळ तडकली, धपकन खाली पडली. आत बाई निघाली आणि तिचा एक हात कोपरापासून तुटलेला. झालं! बायांनी पहार लावून देवीचा हात मोडला असं गावानं ठरवून टाकलं. काम तिथंच थांबलं. "काम थांबलं म्हंजी हजेरी थांबली, मजुरी थांबली," चेअरमन म्हणाले. "आन् गाळ न्हाय निघाला तर पाऊस पडून बी बारवेत पानी कुठं मावनार? गुरव ऐकत न्हाईत, बाया ऐकत न्हाईत. तुमी शिकलेल्या हाव, तुमी सांगा."

म्हणजे मी मूर्ती बघायला गेले होते आणि न्यायाधीश होऊन बसले.

सकाळी बारवेवर गेलो. देखणी बारव, चारही बाजूंनी दगडी पायऱ्या, तळाशी भेगाळलेला काळा गाळ. वर लिंबाखाली गुरवकाका बसले होते. हे आसरेचे पुजारी, पांढऱ्या मिशा, कानात भिकबाळी, चेहरा रागावलेला. समोरच्या पायऱ्यांवर रिकाम्या पाट्या घेऊन बायका. आणि मधे, पोत्यावर आडवी, ती.

आता इथं मला जरा थांबू द्या, कारण इतकी वर्षं झाली तरी ते आठवलं की मला आनंदच होतो. काळा, तेल पिऊन तुकतुकीत झालेला पाषाण. तीन ठिकाणी वाकलेलं अंग, पायांत तोडे, डाव्या हातात छोटा गोल आरसा. मान किंचित तिरपी करून बाई आरशात बघते आहे आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू असं, की आपण चोरून बघतोय हे तिला कळलंय. चालुक्यांच्या काळात देवळांच्या बाहेरच्या भिंतींवर अशा स्त्रिया कोरत, सुरसुंदरी म्हणतात त्यांना. कुणी पायातला काटा काढते, कुणी केस पिळते, कुणी आरशात बघून कुंकू लावते. ही त्यांतली आरसेवाली. देऊळ केव्हाच पडलं असेल आणि कुणीतरी तिला या बारवेत आणून बसवली असेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हुसेनचाचा म्हणाले, "झाली पसंत."

बायकांतली एक उठून पुढे आली. कौसाबाई. उंच, कपाळ मोकळं, आवाज खणखणीत. हिच्या वस्तीनं छप्पन्ननंतर बौद्ध धम्म स्वीकारला होता. "तुमी अजबखान्याच्या बाई ना?" ती म्हणाली. "मग बाकीचं ऱ्हाऊ द्या. आधी येवढं सांगा, हात आमी तोडला का?"

"म्या डोळ्यानं पायलंय," गुरवकाका तिकडून म्हणाले. "पहार व्हती."

"पहार मातीत व्हती, काका." कौसाबाई माझ्याकडे वळली. "बाई, ह्या बारवेच्या पायऱ्या माज्या आज्यानं कदी उतरल्या न्हाईत, बापानं न्हाईत. आमाला पानी वरून वाढायचे. गाळ काढायला मानसं कमी पडली, तवा म्हन्ले या खाली. धोंडा वर घेतला, तवा बी कुनी काय बोललं न्हाय. हात तुटका दिसला, आन् सगळ्या गावाला आमची जात आठवली."

 मी पिशवीतून ब्रश आणि भिंग काढलं आणि खाली बसले. खरं सांगते, मला भीती वाटत होती. हात आत्ता तुटलेला निघाला असता तर मला तसंच सांगावं लागलं असतं.

पण तुटलेल्या जागेवर पाहिलं आणि मी मोठ्यानं हसलेच. त्या तुटक्या कोपराच्या तोंडावर शेंदूर होता. नुसता वरून लागलेला नाही, दगडाच्या बारीक खळग्यांत मुरून काळा पडलेला. मी कौसाबाईला म्हटलं, "तुम्ही खडी फोडता ना? एक आजची फोडलेली आणा." ती रस्त्यावरून खडी घेऊन आली. मी ती कोपराशेजारी धरली. ताज्या फोडीचा दगड आतून राखाडी, कोरा, कडा धारदार. कोपराच्या कडा झिजून गोल झालेल्या. मी काकांना बोलावलं आणि सुईच्या टोकानं कोपरातली शेंदराची खपली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"काका, हात आत्ता तुटला असता तर शेंदूर आत कसा शिरला? पहिल्यांदा हिला ज्यानं शेंदूर लावला, तेव्हाच हा हात नव्हता."

काकांनी खपली बोटांनी चुरली, वास घेतला, उन्हात धरली. माणूस रागीट होता पण खोटा नव्हता. मग म्हणाले, "आमच्या पनज्याच्या बी आधीचा हाय ह्यो. कौसे, तुमचा हात न्हाय ह्यात. उद्यापास्नं कामाला लागा."

बायकांत गलका उठला. मी इतकी खूश झाले होते की काय सांगू! गाळाचं काम सुरू होणार, गावाचं भांडण मिटलं, आणि तेही माझ्या ब्रशानं आणि भिंगानं. आईला सांगायला काहीतरी झालं. मी मूर्तीच्या मापांसाठी टेप काढत होते, तेवढ्यात काका पुन्हा बोलले.

"म्हंजी आमी इतक्या पिढ्या खंडित देवी पुजली." ते मटकन पायरीवर बसले. "न कळत झालं ते झालं. आता कळल्यावर न्हाय चालायचं. हिचं विसर्जन करावं लागंल."

मी टेप परत पिशवीत टाकला. तुटलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, खोल पाण्यात सोडतात. हे मला माहीत होतं, पुस्तकात होतं. पण कौसाबाईचा हात सोडवताना आपण मूर्तीचा गळा धरतोय हे माझ्या शिकलेल्या डोक्यात आलंच नव्हतं.

आता तेवढी एकच अडचण होती, आणि ती अडचण म्हणजे दुष्काळ. विसर्जन करायचं कशात? बारव कोरडी. ओढा कोरडा. बोरी नदीत नळदुर्गापाशी नुसते दगड. चेअरमनना एकदम कल्पना सुचली. "टँकर येतोय की दुपारी," ते म्हणाले.

बायकांनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की त्यांनी टोपी काढून उगाच झटकली. "आमी प्यायचं कुठून, चेअरमन?" कौसाबाई म्हणाली. "देवी बुडवलेलं पानी काय सोसायटीत वाटनार काय?"

"ऱ्हाऊ द्या," काका म्हणाले. "बारव भरंस्तोवर हितंच झाकून ठेवू. पानी आलं की तळाला सोडू."

म्हणजे पाऊस चांगला झाला की ती कायमची गाळात. मी काकांशेजारी पायरीवर बसले आणि त्यांना कलेचा इतिहास सांगायला लागले. चालुक्य सांगितले, सुरसुंदरी सांगितली. म्हटलं, "काका, हिला नुसती कपाळाला टिकली लावायची होती हो. मोडलेल्या हातानं तेच करत होती. आपण आख्खी रंगवून टाकली." बायका खिदळल्या. काकांच्याही मिशा हलल्या. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "व्हय. पर खंडित हाय."

"मला तर चांगली दिसतीया," कौसाबाई म्हणाली. "आमाला पुजायची न्हाय, म्हनून आमाला तुटका हात दिसत न्हाय. तोंड दिसतंय. येवढं देखनं तोंड गाळात घालायचं, तर मग आमी गाळ काढावा तरी कशाला?"

काकांना ते लागलं, पण ते हलेनात. आणि मग मला अणदूरचा अर्धा कप चहा आठवला.

"काका," मी म्हटलं, "अणदूरचा खंडोबा नळदुर्गाला जातो, तेव्हा अणदूरची माणसं काय करतात?"

"काय करायचं? वाट बघत्यात."

"देव करारानं जातो, करारानं येतो. मग हिलाही करारानं पाठवा. आमच्याकडे. तुमच्या बारवेत पाणी येईपर्यंत. पाणी आलं की या आणि घेऊन जा, मग तुम्ही म्हणाल तसं करू."

काकांनी पानाचा डबा उघडला. पान लावलं, खाल्लं, पिंक टाकून आले.  मग ते म्हणाले, "माज्या अटी हाईत. येक, तिकडं तिची पूजा करायची न्हाय. खंडित हाय. दोन, पानी आलं की आमी येनार, तवा न्हाय म्हनायचं न्हाय. आन् तीन, येकटी ठेवायची न्हाय. आसरा सात असत्यात. येकटी पडली की कावती."

"ती आसरा नाही, काका."

"तुमच्या पुस्तकात नसंल. तिला इतकी वर्सं कुनी सांगितलंय का तसं?"

 मी अटी मान्य केल्या. नारळ फुटला, काकांनी विडा पुढे केला आणि मी तो संग्रहालयाच्या वतीनं उचलला. असा विडा उचलायचा मला काडीचाही अधिकार नव्हता. चाचा माझ्या कानाशी कुजबुजले, "सायेब म्हणाले होते काही आणू नका." मी म्हटलं, "आपण आणत नाही आहोत. ती पाहुणी येते आहे."

तिसऱ्या दिवशी बांधाबांध. चाचांनी सवयीनं कडबा मागितला. आम्ही मूर्ती नेहमी कडब्यात किंवा पेंढ्यात बांधतो. ते ऐकून काका जे भडकले! जनावरांच्या तोंडातला घास धोंड्याला गुंडाळता? चाचा बिचारे ओशाळले. मग चेअरमननी सोसायटीची जुनी पोती दिली, आणि मऊ काही हवं म्हणून कौसाबाईनं घरून वाकळ आणली, जुन्या लुगड्यांची जाड गोधडी, हिरवी-जांभळी. "ही बी उसनी हाय बरं का," तिनं बजावलं. "माज्या आयनं शिवलीया. पानी आलं की परत."

मूर्ती बसवली ती खरेदी-विक्री संघाच्या ट्रकमध्ये. मिलो उतरवून तो सोलापूरला रिकामा परत चालला होता. निघताना हलगी वाजली. गुरवकाका पोरीला सासरी घालवल्यासारखे ट्रकमागे वेशीपर्यंत चालत आले. मी पुढे चालकाशेजारी, चाचा मागे तिच्याजवळ, तिच्या खांद्यावर हात ठेवून.

नळदुर्गाला चालकानं गाडी थांबवली, म्हणाला, बाईंनी किल्ला पाहिला नाही असं कसं. तुम्हीही थांबा. भिंतीआड नदी अडवून बांधलेला पाणीमहाल आहे, आणि पावसाळ्यात गेलात तर बांधावरून नर आणि मादी असे दोन धबधबे पडताना आतल्या सज्जातून बघता येतात. आम्ही पाहिले ते कोरडे. सज्जात उभं राहून चालक हातवारे करून सांगत होता, इथून पाणी असं पडतं, अंगावर तुषार असे येतात. मला ते सगळं दिसलं. सोलापुरात मूर्ती रेल्वेच्या पार्सलात चढवली, बाजारातून शेंगांच्या चटणीच्या पुड्या घेतल्या आणि पुण्याला परतलो.

संचालक पोतं बघून खुर्चीतून उठलेच. "ही खरेदी आहे, देणगी आहे की काय आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पाणी येईपर्यंत आहे." त्यांनी चष्मा काढला. मग चाचांनी वाकळ उलगडली, तिचा चेहरा बाहेर आला, आणि संचालकांनी चष्मा परत लावला. पुढे ते जागेबद्दल काही बोलले नाहीत.

या प्रवासानं मला काय दिलं? एक तर माझं पहिलं दालन. एकटी ठेवायची नाही, ही अट. मी तळघरातून आणखी सहा जणी शोधून काढल्या. वेगवेगळ्या शतकांतल्या, वेगवेगळ्या दगडांतल्या. एक काटा काढणारी, एक पोपटवाली, एक नुसतीच आळस देणारी. त्यांना अर्धवर्तुळात उभं केलं, आरसेवाली मधे. काळाप्रमाणे न मांडता अशी बायकांची बैठक मांडली म्हणून विद्वान मंडळींनी नाकं मुरडली, आणि लोक मात्र त्याच दालनात सगळ्यात जास्त रेंगाळायला लागले. पुढे तीस-पस्तीस वर्षं मी बरीच दालनं मांडली. प्रत्येक वेळी आधी मनात विचारायची, हिला शेजार कोणाचा आवडेल? हे मला कुठल्याही विद्यापीठानं शिकवलेलं नाही.

आणि दुसरं म्हणजे धाकधूक. पुढचा पावसाळा मराठवाड्यात चांगला झाला. मी रोज पेपरात पावसाचे आकडे बघायची, आनंद व्हायचा, आणि लगेच बारवेत पाणी किती चढलं असेल ते मोजायची. शब्द दिला होता. तो मोडायचा नाही हे ठरलेलं होतं, आणि ती गाळात जाणार हे सहनही होत नव्हतं.

दिवाळीनंतर एका दुपारी शिपाई सांगत आला की तुमच्याकडे पाहुणे आलेत. दारात गुरवकाका. स्वच्छ धोतर, नवा पटका. आणि त्यांच्यामागे डोक्यावर कळशी घेतलेली कौसाबाई. कळशीच्या तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं. जळकोटपासून पुण्यापर्यंत एसटीत आणि रेल्वेत ती कळशी तिनं मांडीवर धरून आणली होती.

"बारव भरली," काका म्हणाले. "वरून चवथ्या पायरीपत्तुर."

मी म्हटलं, "चला." दुसरं काय म्हणणार? चाचा दोरखंड आणायला गेले.

काका दालनात शिरले आणि उंबऱ्याशीच थांबले. दुपारची वेळ, माणूस नाही, वरच्या झरोक्यातून उजेड येत होता. त्यांनी बोटानं मोजल्या. सात. मग एकेकीसमोर जाऊन उभे राहिले. शेवटी आरसेवालीसमोर जमिनीवर बसले. मग त्यांनी चारी भिंतींकडे नजर फिरवली.

"हितं ऊन न्हाय," ते म्हणाले. "वारा न्हाय. बाहेरचा आवाज येत न्हाय. कुनी काय मागत न्हाय तिला."

"नाही," मी म्हटलं.

"बारवेच्या तळाला असंच असतंय." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "बाई, हिचं विसर्जन झालंया की. आनखी कुठं बुडवायची?"

चाचांनी हातातला दोर हळूच पाठीमागे लपवला.  कौसाबाई मूर्तीकडे बघत होती. "आता मिळाला बाईला," ती म्हणाली, "आरशात बघायला निवांत येळ." मग माझ्याकडे वळून, "माजी वाकळ कुठाय?" ती मी धुऊन कपाटात ठेवली होती. मी पळत जाऊन घेऊन आले. तिनं ती उलगडून चारही कोपरे तपासले, मगच तिचं समाधान झालं.

"पर पानी आनलंय ते पायाला लावाय पायजे," काका म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरली. "घाल, कौसाबाई."

तिनं फडकं सोडलं आणि कळशी कलती केली. बारवेचं पाणी त्यांच्या ओंजळीत पडलं. ते त्यांनी आरसेवालीच्या पावलांवर सोडलं. मी ओल्या फरशीकडे बघून नियम आठवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. काकांनी ओंजळ पुन्हा पुढे केली. या वेळी मूर्तीकडे वळले नाहीत. तिथंच, तिच्यासमोर, कौसाबाईच्या हातचं ते पाणी घटाघट प्यायले.

कौसाबाईनं कळशीचं तोंड पदरानं पुसलं. मग तिनं चाचांना वाढलं, मग मला. "घ्या बाई," ती म्हणाली. "आमच्या बारवेचं हाय. मी सोता उतरून भरलंय." पाणी जरा मचूळ होतं, नव्या भरलेल्या विहिरीचं असतं तसं. मी दुसऱ्यांदा मागून प्यायले.